अकरा काळी कुत्री आणि एक अनुभवी छायाचित्रकार

९ सप्टेंबर, सोमवार
पाऊस. गिऱ्हाइकं दोन, दोन्ही ओळखपत्राची. गुडघा दुखतो आहे.

सकाळी विहारातल्या साध्वी, मे-ची सायथोंग, आल्या. पांढरी वस्त्रं, मुंडण केलेलं डोकं, हातात छत्री, आणि चेहऱ्यावर काम सांगायला आलेल्या माणसाचं हसू. नगरपालिकेची नोटीस आली आहे म्हणाल्या. विहारातल्या अकरा कुत्र्यांपैकी एकाने कुठल्याशा साहेबांच्या बायकोची दानाची टोपली पळवली. आता वर्षावास संपला की दुसऱ्या दिवशी, म्हणजे १८ ऑक्टोबरला, ट्रक येणार. तोवर ज्यांना घर मिळेल ती सुटली. उरलेली चार प्रांत ओलांडून कुठल्या तरी कोंडवाड्यात. तिथून कोणी परत आल्याचं त्यांच्या ऐकण्यात नाही.

अकराच्या अकरा काळी. राहूमुळे. दर बुधवारी लोक राहूला काळी कोंबडी, काळी द्राक्षं, काळी कॉफी, काळा चिकट भात अशा आठ वस्तू वाहतात. ज्योतिषाने आठ सांगितल्या की काही अतिउत्साही मंडळी नववी म्हणून काळं पिल्लू ठेवून जातात. पिल्लू मग भात आणि कोंबडी खाऊन मोठं होतं.

मे-चींचं म्हणणं, काळ्या कुत्र्याला कोणी नेत नाही कारण फोटोत ते दिसतच नाही. तुम्ही गावातले चांग, तुम्हीच काढा. हा शब्द कारागिराला असतो, उगाच कोणाला मिळत नाही. मी हो म्हणालो. चौतीस वर्षं फेत्चबुरीत 'प्रासित फोटो' चालवतो आहे. नवरदेव काढले, पदवीधर काढले, अंत्यविधीसाठी आधीच काढून ठेवायचे तसले म्हाताऱ्यांचे फोटो काढले. कुत्री ती काय. तीन दिवस पुरेत.

अकरावी कुत्री नीन. ती विहारात नसते, माझ्या दुकानाच्या दारात असते. आठ वर्षं झाली. माझी नव्हे, विहाराची. मी कुत्री पाळणाऱ्यांतला नाही.

११ सप्टेंबर, बुधवार
पहिलं शूटिंग. पांढरा पडदा लावला, कारण ओळखपत्राला तोच लागतो आणि कुत्र्याचंही शेवटी ओळखपत्रच. दहा कुत्री एका दिवसात उरकली. नीनचा राहिला, ती झोपली होती.

निकाल: पडद्याला कुत्र्याच्या आकाराची दहा भोकं. कान कुठे, नाक कुठे, काही कळत नाही. कॅमेरा जुना झाला आहे. शिवाय बुधवार हा राहूचा वार, काळ्या गोष्टींना आज जोर असणारच. माझी चूक यात शोधूनही सापडली नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
पडदा काळा लावला. काळ्यावर काळं, परदेशात हे फार चालतं असं कुठेतरी वाचलं होतं. सुंदर, गंभीर वातावरण आलं. कुत्री मात्र आली नाहीत. दहा फोटोंत वीस डोळे आणि सात जिभा.

समोरच्या नूडलच्या गाडीवरची लामाय बघायला आली. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, म्हणून तिला वाटतं की तिने काहीही बोलावं. म्हणाली, काय रे प्रासित, लाईट गेले होते का? मी सांगितलं, याला मूड म्हणतात. ती म्हणाली, बरं बाबा, मूडला घर मिळतंय का बघ.

कलेबद्दल नूडलवालीशी बोलायचं नाही असं ठरवलं.

१६ सप्टेंबर, सोमवार
फ्लॅश मारला. कुत्री दिसली! अंगावर पांढरे चट्टे आणि डोळे हिरवेगार, पण दिसली. प्रिंट काढून विहाराच्या फलकावर ओळीने लावले.

तासभर बाजूला उभा राहिलो, लोकांची प्रतिक्रिया ऐकायला. एका आजोबांनी दहाही फोटो नीट पाहिले आणि मे-चींना विचारलं, एकाच कुत्र्याचे इतके फोटो कशाला लावलेत? हरवलंय का? दुसऱ्या बाईने लेकराचे डोळे झाकले.

संध्याकाळी पाठ भरून आली. दहा वेळा जमिनीवर पालथं पडायचं हे काही एकसष्टाव्या वर्षी करण्यासारखं नाही. नीनने माझ्या चपलेवर डोकं ठेवलं होतं म्हणून चपला अर्धा तास घालता आल्या नाहीत.

१८ सप्टेंबर, बुधवार
विचार केला. चूक प्रकाशात नाही, भरवशात आहे. लोकांना या कुत्र्यांचा भरवसा वाटत नाही. नोकरीच्या अर्जासाठी माणसं येतात तेव्हा मी काय करतो? गंजी घालून आलेल्याला कम्प्युटरवर कोट-टाय चढवतो. माझ्याकडे चाळीस कोट तयार आहेत, सरकारी गणवेशही आहेत, हुद्द्याच्या पट्ट्यांसकट.

दिवसभर बसून दहाही कुत्र्यांना कोट चढवले. माना जाड असल्यामुळे कॉलरची फार मेहनत पडली. क्रमांक सहाला गणवेश इतका शोभला की मी स्वतः क्षणभर ताठ बसलो.

विहाराचे प्रमुख, लुआंग फो, यांनी फोटो बराच वेळ पाहिले. मग विचारलं, हे कुठल्या खात्यात आहेत? आणि चिवराचं टोक तोंडावर धरून आत गेले. खोकला झाला असावा, हवा तशीच आहे. मे-चींनी फोटो लावायला हरकत घेतली. त्यांना म्हणे साहेबांच्या बायकोची भीती वाटते.

२१ सप्टेंबर, शनिवार
पावडर. घामोळ्यांवरची, थंडगार. प्रत्येक घरात असते आणि इथे तान्ह्या बाळापासून म्हातारीपर्यंत सगळे तोंडाला फासतात. काळ्या केसांवर हलकी मारली की उंचसखल दिसेल, असं शास्त्र.

हलकी मारता येत नाही. डबा एकदम सांडतो. क्रमांक दोन शिंकला, मग क्रमांक तीन, मग सगळे. लेन्सवर थर बसला. फोटोत धुकं आलं आहे आणि धुक्यात राखाडी रंगाचं काहीतरी पळतं आहे. लामाय गाडीवरून ओरडली, प्रासित, कणीक मळून झाली की इकडे पाठव, मी लाटते.

आज लवकर दुकान बंद केलं. थकवा. हे काम सोडून द्यावं असं वाटलं, पण गावात शब्द दिला आहे. नीनच्या पाठीवरही थोडी पावडर उडाली होती, ती पुसून दिली. माझ्या दुकानाच्या पायरीला डाग पडला असता.

२५ सप्टेंबर, बुधवार
इतके दिवस मी माझ्या खऱ्या हुन्नराला हातच घातला नव्हता. गोरं करणं! या गावात माझ्याइतकं गोरं कोणी करत नाही. ताडगुळाच्या भट्टीवर जन्म काढलेल्या माणसांना मी असं उजळवलं आहे की त्यांच्या बायकांनी शेजारणींना बोलावून फोटो दाखवले. गिऱ्हाईकाने सांगावं लागत नाही, हात आपोआप तिकडे जातो.

क्रमांक चारवर प्रयोग केला. दोन टप्पे उजळला, डोळ्यांखालचं काढलं, नाक थोडं बारीक केलं. काय सुरेख आला! केस मधाच्या रंगाचे. मुलीच्या लग्नाला पाठवावा असा फोटो. पुतण्याकडून इंटरनेटवर टाकून घेतला. दोन तासांत बँकॉकहून एका कुटुंबाचा निरोप, रविवारी न्यायला येतो.

मे-चींना सांगितलं. त्या म्हणाल्या, पण तो काळा आहे ना? मी म्हणालो, फोटोत नाही.

२९ सप्टेंबर, रविवार
कुटुंब आलं. तीन तास गाडी चालवून. आई, वडील, आजी, आणि तपकिरी कुत्र्यासाठी आणलेला तपकिरी पट्टा.

क्रमांक चार पुढे केला. ते त्याच्या मागे बघत राहिले. वडील म्हणाले, हा नाही, फोटोतला. मी म्हणालो, हाच. ते म्हणाले, लुंग, थट्टा नका करू. काका म्हणाला मला! चाळिशीचा तरी असेल. मी समजावलं की फोटोत थोडं उजळवण्याची पद्धत आहे, तुमच्या मातोश्रींचाही काढून दाखवतो. आजी म्हणाली, माझ्या रंगाला काय झालंय? आणि छत्री उचलली.

ते कुत्रा न घेता गेले. जाताना फलकापाशी उभं राहून वडील मोठ्याने म्हणाले की विहारासारख्या जागी अशी फसवणूक व्हावी याचं वाईट वाटतं. मे-ची मान खाली घालून उभ्या होत्या. मला फार वाईट वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही. चार नंबर त्यांच्या गाडीमागे कोपऱ्यापर्यंत पळत गेला. पट्टा बघून त्याला काय वाटलं कोण जाणे.

उरले एकोणीस दिवस. घर मिळालं: शून्य.

१ ऑक्टोबर, मंगळवार
लामायने आगाऊपणा केला. क्रमांक चारला गाडीच्या ताडपत्रीखाली बसवलं, मांसाचा गोळा स्वतःच्या कपाळाशी धरला आणि फोनने फोटो काढला. ना पडदा, ना लाईट. बाहेर ढग होते, पाऊस नुकताच थांबला होता.

फोटोत कुत्रा दिसतो आहे. केस न् केस. भुवया आहेत त्याला, मला माहीतच नव्हतं. गोळ्याकडे असा बघतो आहे की बघणाऱ्याला वाटावं आपल्याकडेच बघतोय.

योगायोग. आणि चौकट तिरकी आहे, मागे मिरचीची बाटली आली आहे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
क्रमांक चार गेला. शाळेतल्या शिपायाने नेला, मुलं खांद्यावर घेऊन गेली. दोन, सात, आठही गेले. लामाय दुपारच्या गर्दीनंतर रोज दोन फोटो काढते. लोक नूडल खाता खाता कुत्रा पसंत करतात. लोकांची अभिरुची इतकी खालावली आहे, मग स्टुडिओत कोण येणार.

मे-चींनी माझेही आभार मानले. सुरुवात तुम्ही केलीत म्हणाल्या. त्यात तथ्य आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार
दहाच्या दहा गेली! क्रमांक सहा, गणवेशवाला, खरोखरच रेल्वे फाटकावरच्या चौकीत गेला. हे मी आधीच ओळखलं होतं.

उरली नीन. लामाय फोन घेऊन माझ्या पायरीशी आली, गोळाही आणला होता. मी तिला थांबवलं. म्हणालो, ही केस माझ्याकडे राहू दे. हिचा चेहरा अवघड आहे, नाकाभोवती पांढरं यायला लागलं आहे, एक कान दुमडलेला. फोनचं काम नव्हे. ती म्हणाली, दहा दिवस राहिलेत. मी म्हणालो, मला मोजता येतं.

१० ऑक्टोबर, गुरुवार
नीनचं शूटिंग ठरवलं होतं. ऊन फार कडक.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
ऊन नव्हतं. उजेड कमी.

१२ ऑक्टोबर, शनिवार
उजेड ठीक, पण ती इतकी गाढ झोपली होती की उठवणं बरं दिसेना. पंखा तिच्याकडे वळवला. प्रिंट वाळायला टाकले होते, त्यांनाही वारा लागतोच.

दुपारी लामाय भांडली. गाडी सोडून आली, झारा हातात. म्हणाली, तुझ्या अहंकारापायी ती ट्रकात जाईल. फोटो काढू देत नाहीस, स्वतः काढत नाहीस. मग सरळ ठेवून का घेत नाहीस? मी म्हणालो, मी कुत्री पाळणाऱ्यांतला नाही. केस प्रिंटला चिकटतात. माझी पाठ धरते. उद्या मला काही झालं तर हिने कुठे जायचं? लामाय म्हणाली, मग आठ वर्षं रोज माझ्याकडून उकडलेली कलेजी नेतोस ती कोण खातं? मी म्हणालो, मीच.

ती गाडीकडे परत गेली. वाद मी जिंकला असं समजतो.

नीन दारात आली ती माझी बायको वारली त्याच पावसाळ्यात. याचा त्याच्याशी काही संबंध नाही, नोंद असावी म्हणून लिहिलं.

१३ ऑक्टोबर, रविवार
आज काढला. शटर दाबलं, आणि ती नेमकी माझ्याकडे बघत उठून जवळ आली. पडद्यामागे गेलो, मागे आली. तिला दूर बसवून मी मागे सरकलो की ती उठते. एकतीस फोटो, एकतीस नाकं. अंतर ठेवल्याशिवाय फोटो येत नाही हे तिला कोणी समजवायचं?

उद्या नक्की. ठाम निश्चय.

१४ ऑक्टोबर, सोमवार
पाऊस. चा-आमहून एक कुटुंब आलं, पासपोर्टच्या फोटोसाठी. आई इस्पितळात नर्स, वडील शांत, मुलगी अकरा वर्षांची, नाव तोई. आईवडिलांचे फोटो होईपर्यंत मुलगी पायरीवर नीनजवळ बसली. बाहेर आलो तर नीनचं डोकं तिच्या मांडीवर. त्या कुत्रीने एवढ्या वर्षांत माझ्या चपलेखेरीज कशावर डोकं ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं.

मुलीने विचारलं, लुंग, ही कोणाची?

विहाराची, मी म्हणालो. सवयीने तोंडातून गेलं.

आईने बाजारात ट्रकाचं ऐकलं होतं. म्हणाली, म्हणजे अठराला जिच्यासाठी ट्रक येणार ती हीच का? आमच्याकडे अंगण आहे, मागच्या वर्षी आमचा म्हातारा कुत्रा गेला, तेव्हापासून ही जेवत नाही धड. आम्ही नेली तर चालेल? सगळे माझ्याकडे बघत होते. माझी आहे असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण अख्ख्या बाजाराला आठ वर्षं जे सांगत आलो ते पासपोर्टच्या गिऱ्हाइकांपुढे कसं फिरवणार? समोर लामाय झारा धरून उभी होती.

मी म्हणालो, लसी झाल्या आहेत. कलेजी उकडलेलीच द्या, कच्ची पचत नाही.

त्यांनी माझा एकही फोटो पाहिलेला नव्हता. लामायचाही नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार
त्यांनी नेली. दहा वाजता. सूचना लिहून दिल्या, दोन्ही बाजूंनी भरलेलं एक पान. गडगडलं की कोपरा लागतो. दुमडलेला कान आतून पुसायचा. मोटारसायकलवरच्या पोस्टमनवर भुंकते, पण मनापासून नाही. आई म्हणाली, लुंग, विहाराच्या कुत्रीबद्दल तुम्हाला बरंच माहीत आहे. मी म्हणालो, निरीक्षण हा आमचा धंदाच आहे.

नीन गाडीत सहज चढली. मला वाटलं होतं, ओढावं लागेल.

मोहीम यशस्वी. अकरापैकी अकरा. आज दुकान दुपारीच बंद केलं, गुडघ्यासाठी.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
ट्रक आला आणि रिकामा गेला. मे-चींनी विहारात गोड वाटलं. लुआंग फो सगळ्यांदेखत म्हणाले, हे पुण्य चांग प्रासित आणि लामायचं. लामायने माझ्याकडे पाहिलं. टोमणा मारेल म्हणून तयार होतो, पण तिने माझ्या पानात आपल्या वाटची मो-केंगची वडी ठेवली. हे मला अजिबात आवडलं नाही.

दुपारी कॅमेऱ्यातले नीनचे सगळे फोटो पाहिले, तांत्रिक अभ्यासासाठी. एकतीस नाकं. आणि गेल्या आठ वर्षांत गिऱ्हाइकांच्या फोटोंत मागे कुठेतरी आलेली, दारातली काळी आकृती. ती मी दर वेळी पुसून टाकत आलो होतो. काम नीटनेटकं असावं म्हणून.

२१ ऑक्टोबर, सोमवार
चा-आमला फोन केला. पासपोर्टचे फोटो स्वीकारले का ते विचारायला. स्वीकारले. मग सहज म्हणून, कुत्रीचा एखादा फोटो असला तर पाठवा म्हणालो, नोंदीसाठी.

तोईने लगेच पाठवला. ओसरी, बाहेर पाऊस, नीन उंबऱ्यावर. दुमडलेला कान, नाकाभोवतीचं पांढरं, छातीवरची बोटभर पांढरी रेघ. तोंड किंचित उघडं. बघणाऱ्याकडे बघते आहे, आणि उठून जवळ येत नाही, कारण जिच्याजवळ असायचं ती शेजारीच बसली आहे. मुलीचा गुडघा दिसतो कडेला.

चूक शोधायला बसलो. संध्याकाळपर्यंत बसलो. सापडली नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
फोटो मोठा केला. उजळवला नाही, कशालाच हात लावला नाही. चांगली लाकडी चौकट होती तिच्यात बसवून दर्शनी काचेत लावला, पदवीधरांच्या शेजारी. धंद्याच्या दृष्टीने उपयोगी, काळी कुत्री आम्ही काढतो हे लोकांना कळावं.

अकराच्या सुमाराला एक बाई आल्या, अनोळखी, मुलीच्या शाळेचे फोटो घ्यायला. काचेपाशी थांबल्या. अशी चौकट, असा एकटाच चेहरा, आपल्याकडे कशासाठी लावतात हे कोणालाही माहीत असतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, फोटोला हात जोडले, मग मला जोडले. म्हणाल्या, फार माया असते हो. तुमची होती का?

त्यांना सांगायचं होतं की ती मजेत आहे, चा-आमला आहे, हा फोटो एका अकरा वर्षांच्या मुलीने काढला आहे. सगळं वाक्य तयार होतं.

हो, म्हणालो. आठ वर्षं माझीच होती.